अकरा अपवादांतला आठवा

धाकटीला धाकटी म्हणायला लागले तेव्हा ती चार दिवसांची होती, आणि अठ्ठावन्न वर्षं होत आली तरी ते नाव काही तिला सुटलं नाही. घरात भाऊ एकच, तिच्याहून तेरा वर्षांनी मोठा. पुढे त्यानेच तिला आपल्या कंपनीत चिकटवलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत हाक मारली, “धाकटे, इकडे ये, ही तुझी खुर्ची.” झालं. ऑफिसनेही तेच नाव उचललं. तिच्या हाताखाली आलेली मुलं तिला ‘धाकटी मॅडम’ म्हणत, आणि नवा माणूस हमखास विचारी, “मग थोरल्या मॅडम कुठे बसतात?”

लग्न झालं नाही. कोणी खोदून विचारलं तर ती म्हणे, “दोनदा जुळवलं, दोनदा एरर आली.” विचारणारा हसे आणि विषय तिथेच मिटे. एकटीच राहायची, सकाळी बरोबर पावणेनऊला ऑफिसात यायची, खिडकीजवळच्या टेबलावर डबा ठेवायची, चष्मा पुसायची आणि कामाला लागायची.

तिचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं, पण ते वाक्य ऐकून कोणाला काही कळत नसे. कंपनी लिफ्टचा मेंदू बनवी, म्हणजे लिफ्टच्या माथ्यावर बसणारा तो करडा डबा. मजला कुठला, थांबायचं कुठे, दार कधी उघडायचं, कधी मिटायचं, हे सगळं त्या डब्यातली चिप ठरवते. माणसं प्रोग्रॅम लिहितात माणसाला वाचता येईल अशा भाषेत, आणि चिपला कळते ती तिची वेगळीच भाषा. एकीतून दुसरीत उतरवून देणारं जे असतं ते कंपायलर. दोनशे चौदा फायली त्या कंपायलरमधून काढून, एकमेकींना जोडून, एक अखंड प्रोग्रॅम तयार करायचा, याला ऑफिसात बिल्ड म्हणत. ते बिल्ड धाकटीच्या ताब्यात होतं.

कंपायलरला कसं वागायचं तेही सांगावं लागतं. ‘जलद’ सांगितलं की तो हुशारी करतो. लिहिणाऱ्याने दहा वेळा सांगितलेली गोष्ट एकदाच करतो आणि निरर्थक वाटेल ते गाळून टाकतो. त्यामुळे प्रोग्रॅम छोटा होतो आणि पळतो. ‘सावकाश’ सांगितलं की शब्दाला शब्द ठेवतो, स्वतःची अक्कल चालवत नाही. चिपमध्ये जागा थोडी, म्हणून दोनशे तीन फायली जलद सेटिंगवर असत. उरलेल्या अकरांसाठी धाकटीच्या बिल्डमध्ये प्रत्येकी एक वेगळी ओळ होती.

त्या अकरा फायली तिला पाठ होत्या, आईला पोरांच्या खाण्याच्या खोड्या पाठ असतात तशा. एक बाहेरच्या कंपनीकडून आलेली, म्हाताऱ्या माणसासारखी, घाई केली की अडखळणारी. एक घंटीची. जलद केली की टणत्काराऐवजी उंदीर चिरकल्यासारखा आवाज यायचा. एक अशी बडबडी, की कंपायलर तिच्या दर ओळीला कुरकुर करी, म्हणून तिच्यापुरती कुरकुर बंद ठेवलेली. प्रत्येक ओळीसमोर धाकटीने कारण लिहिलेलं होतं, तारखेसकट, नीट वाक्यात. अकरातल्या आठव्या ओळीसमोर लिहिलं होतं, ‘जुन्या सेन्सरसाठी.’

ते खोटं होतं. आयुष्यात कागदावर लिहिलेलं तिचं हे पहिलं खोटं.

आठवी फाइल दरवाजाची. ती तिच्या दादाने लिहिली होती.

दादाबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. धाकटी नऊ वर्षांची असताना वडील गेले. घरात आत्या, मामी, शेजारपाजार जमला आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की पोरीला सांगायचं, बाबा परगावी गेलेत. दुसऱ्या दिवशी बावीस वर्षांच्या दादाने तिला जिन्याच्या पायरीवर शेजारी बसवलं आणि सांगितलं, “बाबा वारले. परत यायचे नाहीत. तुला खोटं सांगितलं तर तू रोज दाराकडे बघत बसशील.” ती रडली, तो तिथेच बसून राहिला. त्या दिवसापासून तिच्या लेखी सगळ्या जगाचं बोलणं एकीकडे आणि दादाचा शब्द एकीकडे.

आता अठरा वर्षांपूर्वीचं. दादा त्रेपन्नचा, ही चाळिशीची. दरवाजाची नवी फाइल लिहायचं काम दादाकडे आलं आणि चार महिने तो त्यात बुडाला. सकाळी आठला यायचा आणि घरी जायला रात्रीचे दहा. लिफ्टच्या दारात डाव्या चौकटीपासून उजवीपर्यंत न दिसणारा किरण असतो. कोणी मध्ये आलं की किरण तुटतो आणि मिटणारं दार परत उघडतं. दार मिटता मिटता ‘किरण तुटला का, किरण तुटला का’ असं पुन्हा पुन्हा बघत राहायचं, एवढंच त्या फाइलीचं मुख्य काम. दादाने ती इतकी सुबक लिहिली होती की वाचणाऱ्याने खाली मान घालून वाचत राहावं.

त्या चार महिन्यांच्या सुरुवातीलाच वहिनीने एक दिवस धाकटीला फोन केला. “दुपारची सुटी काढशील का गं? एका तपासणीला जायचंय. यांना सांगू नकोस.” दोघी गेल्या. डॉक्टरांनी कागद समोर ठेवला, बोलले, आणि दोघी बाहेर येऊन बाकावर बसल्या. वहिनीने पर्समधून रुमाल काढला, त्याची घडी मोडली, परत घातली.

“त्यांचा दरवाजा होऊ दे,” ती म्हणाली. “मग मी सांगते. आत्ता सांगितलं तर धड ना इकडचे ना तिकडचे होतील.”

“वहिनी, दादाला असलं आवडायचं नाही.”

“त्यांना काय आवडतं ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं,” वहिनी हसत म्हणाली. “अळीमिळी गुपचिळी. शब्द दे.”

धाकटीने शब्द दिला. दरवाजा झाला, वहिनीने सांगितलं, आणि त्यानंतर पाच आठवड्यांत ती गेली.

दादा दहाव्या दिवशी कामावर आला. जेवणाच्या सुटीत डबा न उघडता समोर बसून राहिला. मग म्हणाला, “या सगळ्यात एकच गोष्ट नीट झाली बघ. दरवाजा.”

पाचच दिवसांनी धाकटीला तळघरात दिसलं की तोही नीट झालेला नाही.

तळघरात चाचणीची चौकट होती. लिफ्ट नाही, नुसतं खरंखुरं दार आणि वर डबा. चिपमध्ये जागा उरली नव्हती म्हणून त्याच आठवड्यात सगळं बिल्ड सावकाशवरून जलदवर नेलं होतं. चाचणी करणारे काका चहाला गेले होते. धाकटी एकटीच, हातात पुठ्ठ्याचं खोकं. दार मिटायला लागलं आणि खोकं तिच्या हातून निसटून मध्ये पडलं. दार थांबलं नाही. कडकन खोकं चेपलं.

दोन दिवस तिने शोधलं आणि शेवटी ते सापडलं. जलद सेटिंगवर कंपायलरने फाइल वाचली आणि मनाशी म्हटलं, हा माणूस पुन्हा पुन्हा किरणाकडे का बघतोय? या फाइलीत तर किरणाला हात लावणारं कोणीच नाही. एकदा बघितलं ते पुरे. दार मिटायला लागताना एकदा बघायचं, किरण शाबूत असला की पुढे तो शाबूतच आहे असं धरून चालायचं. अशा वेळी लिहिणाऱ्याने त्या जागी एक शब्द घालायचा असतो. ‘ही गोष्ट बाहेरून बदलू शकते, दर वेळी नव्याने बघ’ एवढाच त्या शब्दाचा अर्थ. दादा तो शब्द विसरला होता. एका शब्दाची चूक, नवख्याकडून होणारी आणि जुन्याकडूनही.

ऑफिसचा नियम होता की दुसऱ्याच्या फाइलीत न विचारता हात घालायचा नाही, आणि घातलाच तर कोणी, कधी, कुठली ओळ बदलली हे कायमचं नोंदलं जाई. म्हणजे दादाला सांगणं भाग होतं. धाकटी त्याच्या टेबलापर्यंत दोनदा गेली. दोन्ही वेळा तो खिडकीबाहेर बघत होता. ती परत आली आणि तिच्या स्वतःच्या ताब्यात जे होतं, त्या बिल्डमध्ये एक ओळ घातली. ही फाइल तेवढी सावकाश. शब्दाला शब्द. खोकं पुन्हा टाकून बघितलं, दार थांबलं, मागे सरलं.

महिन्याभरात दादा सावरला की सांगू, असं तिने ठरवलं होतं. मग तीन महिन्यांनी. मग पुढल्या वर्षी. झाकली मूठ झाकलेलीच राहिली, आणि झाकून झाकून बोटं आखडली.

दादाला नवीन मुलं शिकवायला दिली तेव्हा तर ती आणखीच अडकली. पहिल्या दिवशी तो प्रत्येकाच्या हातात दरवाजाची फाइल ठेवी. “फाइल कशी असावी ते आधी बघा. मग तुमची लिहा.” धाकटी शेजारच्या टेबलावर बसून ऐके. मुलं गुणी होती, त्यांनी जसंच्या तसं उचललं. पुढच्या काही वर्षांत तीन फायलींत तीच चूक आली आणि तिने कोणाला न बोलता त्या तिन्ही सावकाशवर टाकल्या. अशा आठाच्या अकरा झाल्या. तळघरातल्या चाचणीच्या कागदात एक ओळ वाढवावी, असंही कितीदा मनात आलं. त्या कागदात खोकं आधी दारात ठेवायचं आणि मग दार मिटवायचं असं होतं, आणि त्या चाचणीत दार नेहमीच पास होई, कारण पहिल्या नजरेला खोकं दिसतंच. दार मिटताना मध्येच काही आलं तर, हे कोणी बघतच नव्हतं. पण ही ओळ का वाढवली असं काकांनी विचारलं असतं तर? तेव्हा तीही राहिली.

दादा दोन वर्षांची मुदतवाढ घेऊन साठाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याला अकरा वर्षं झाली. आता धाकटीच्या निवृत्तीला दीड महिना उरला होता, आणि एका सोमवारी विभागाच्या नव्या प्रमुखबाई तिच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या. छत्तीस वर्षांच्या, तरतरीत, दादाच्याच हाताखाली शिकलेल्या.

“धाकटी मॅडम, तुम्ही जायच्या आधी हे अकरा अपवाद निस्तरायचेत. नवा कंपायलर येतोय. मला सगळ्यांना एकच सेटिंग हवंय.”

“सगळ्यांना एकाच काठीने हाकता येत नाही.”

“येत नसेल त्याचं कारण दाखवा, मी राहू देते. तुम्ही गेल्यावर मला कोण सांगणार आहे?” त्यांनी लाल पेन्सिल काढली. “घंटी, बरं, ठेवू. ही बाहेरची, ठेवू. आठवी, जुन्या सेन्सरसाठी. तो सेन्सर बंद होऊन नऊ वर्षं झाली. मग ही गेली.” आणि आठव्या ओळीवर त्यांनी काट मारली. “नाहीतरी दादांची फाइल. तिला कसला अपवाद? त्यांनी मला पहिल्या दिवशी हीच वाचायला दिली होती. मी अजून मुलांना देते.”

“चाचणी केल्याशिवाय काढू नका,” धाकटी म्हणाली.

“अर्थात. पुढच्या बुधवारी तळघरात लावू. कागदाप्रमाणे सगळं पास झालं की पाठवून देऊ.”

कागदाप्रमाणे सगळं पास होणार होतं. मग ते दार बाहेर जाणार होतं, शेकडो इमारतींत, आणि कुठेतरी कोणी शेवटच्या क्षणी हात घालणार होतं, दार थांबेल या भरवशावर.

‘नव्या सेन्सरसाठीही आवश्यक’ एवढं लिहिलं असतं तर बाई मान हलवून पुढे गेल्या असत्या. धाकटीने ते तीन शब्द लिहिले, वाचले आणि खोडले. ती दीड महिन्याने जाणार होती. तिच्यामागे त्या ओळीची राखण कोण करणार?

शनिवारी सकाळी दहाला ती दादाकडे गेली. चौथा मजला, लिफ्ट नाही. “जन्मभर लिफ्ट केल्या आणि नशिबी जिना,” हा दादाचा ठरलेला विनोद. त्या दिवशीही दार उघडून त्याने तोच केला. घर नेटकं. वर्तमानपत्रं घडी घालून, शब्दकोडं टेबलावर, खिडकीशी वहिनीचं शिवणयंत्र, त्यावर तिनेच शिवलेलं निळं झाकण.

“चहा टाकतो. जेवूनच जा, धाकटे. वाळलीयेस.”

“आधी हे वाच.” तिने पिशवीतून छापलेली पानं काढली.

“परीक्षा घेतेस की काय माझी?” त्याने चष्मा लावला आणि चेहरा उजळला. “अगं, ही तर दरवाजाची. काय देखणी दिसतेय अजून.”

“दादा, ती जलद सेटिंगवर चालत नाही.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते.”

शब्दकोड्याची पेन्सिल उचलून तो ओळीओळीवरून खाली यायला लागला. धाकटी त्याच्या पेन्सिलीकडे बघत होती. दुसऱ्या पानावर, एक्केचाळिसाव्या ओळीशी पेन्सिल थांबली. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याने तिथे एक बारीक खूण केली.

“इथे शब्द हवा होता.”

“हो.”

“मग इतकी वर्षं चालली कशी?”

“मी सावकाशवर ठेवली होती. फक्त तेवढीच.”

“कधीपासून?”

“त्याच वर्षापासून. वहिनी गेली त्यानंतर पंधरा दिवसांनी कळलं.”

दादाने चष्मा काढला. स्वयंपाकघरात पाणी उकळत होतं, त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

“किती जणांना शिकवलं मी हे,” तो म्हणाला. “तू शेजारी बसून ऐकत होतीस.”

“हो.”

“अगं, चूक काय, कोणाचीही होते. त्याच दिवशी सांगितलं असतंस तर शब्द घातला असता, आणि पोरांना सांगितलं असतं की बघा, मीसुद्धा इथे आपटलो. ते खरं शिकवणं झालं असतं. तू मला सुधारूच दिलं नाहीस.”

“तू म्हणाला होतास, या सगळ्यात एकच गोष्ट नीट झाली.”

“म्हणालो असेन.” तो शिवणयंत्राकडे बघत राहिला. मग फार हळू बोलायला लागला, आधीच ठाऊक असलेल्या उत्तराला उशीर व्हावा तसा. “धाकटे, तुला अठरा वर्षं एखादी गोष्ट पोटात ठेवता येते हे मला माहीत नव्हतं. म्हणून आता आणखी एक विचारतो. तिला कधी कळलं होतं?”

‘तुला सांगितलं त्याच्या आदल्या दिवशी’ हे उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. अगदी तयार होतं. तेवढं बोलली असती तर ती सकाळ तिथेच थांबली असती.

“चार महिने आधी,” ती म्हणाली.

“आणि तुला?”

“त्याच दिवशी. मीच बरोबर गेले होते. ती म्हणाली, त्यांचा दरवाजा होऊ दे, मग सांगते. माझ्याकडून शब्द घेतला.”

दादा उठला. स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला, परत आला, पण बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

“मी रोज रात्री उशिरा यायचो,” तो म्हणाला. “ती जेवायची थांबलेली असायची. मी चिडायचो. म्हणायचो, माझी वाट कशाला बघतेस, जेवून घेत जा.”

“दादा,” धाकटी म्हणाली.

“मी चार महिने दरवाजा लिहीत बसलो. आणि तोही चुकीचा.”

त्यानंतर तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने पानं नीट जुळवली, तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “तू जा आता.” जेवणाचं नाव दोघांनीही काढलं नाही. ती साठ पायऱ्या उतरली. एरवी तो वरून वाकून बघत असे, ती फाटकाबाहेर पडेपर्यंत. तिने मान वर केली तेव्हा जिना रिकामा होता.

सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. “बुधवारी मी येतो. शब्द मी घालणार. माझ्या फाइलीला दुसऱ्याचा हात नको. तुझ्या बाईंना काय ते खरं सांगून ठेव.”

तिने सांगितलं. आठव्याचं, आणि मागून आलेल्या तिघांचं. त्या तिघांतली एक फाइल खुद्द बाईंचीच होती, त्या नवशिक्या असतानाची. बाईंनी लाल पेन्सिल टेबलावर ठेवली.

“परवा मी ते दार बाहेर पाठवलं असतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दीड महिन्याने गेल्या असतात, आणि मला कधीच कळलं नसतं.”

“हो.”

“तुम्ही सगळ्या कारणांसमोर तारखा लिहिता, मॅडम. तुमच्यावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवायचो.”



बुधवारी दादा आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. तळघरातले काका आता थकले होते, पण त्याला बघून खुर्चीवरून उठले. “या या, दरवाजेसाहेब. अकरा वर्षांनी आठवण झाली आमची?”

“आठवण नाही, वसुली,” दादा म्हणाला. “आधी मला तो मोडताना बघू दे.”

धाकटीने आठवी ओळ काढून सगळं जलद सेटिंगवर बिल्ड केलं. काकांनी लाकडी पट्टी दादाच्या हातात दिली. दार मिटायला लागलं, निम्म्यावर आलं, आणि दादाने पट्टी मध्ये धरली. दार थांबलं नाही. पट्टी मोडली, अर्धी त्याच्या हातात राहिली. तो तुटलेल्या टोकाकडे बघत उभा राहिला.

मग वर येऊन तो धाकटीच्या खुर्चीत बसला, तिने अठरा वर्षं सांभाळलेल्या पडद्यासमोर, आणि एका बोटाने तो शब्द टाइप केला. कारणाच्या जागी लिहिलं, ‘मूळ लेखकाची चूक. शब्द राहिला होता.’ बाई मागे उभ्या होत्या. तो वळून त्यांना म्हणाला, “मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. तुमच्या फाइलीतही घाला, आणि ज्यांना शिकवलंत त्यांनाही सांगा.”

“सांगते, दादा.”

बिल्डला नऊ मिनिटं लागली. या वेळी दार पट्टीला नुसतं टेकलं आणि मागे सरलं. पुन्हा. पुन्हा. काकांनी चाचणीच्या कागदावर स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली, दार मिटत असताना मध्ये पट्टी धरणे. मागच्या तिन्ही फायलींतही शब्द गेला आणि संध्याकाळी अपवादांच्या यादीत सात नावं उरली, सातही खरी.

“सोडायला येते,” धाकटी म्हणाली.

“नको. मला येतं जाता,” दादा म्हणाला. तुटलेली अर्धी पट्टी त्याने बरोबर नेली. कशाला, ते तिने विचारलं नाही.

धाकटी ठरल्या दिवशी निवृत्त झाली. फुलं दिली, भाषणं झाली, बाई बेताचं पण चांगलं बोलल्या. दादा आला नव्हता.

रविवारी ती अजून त्याच्याकडे जाते. तो दार उघडतो, चहा टाकतो, दोघं कोडं सोडवतात. जिन्याचा विनोद तो आता करत नाही. ‘धाकटे’ म्हणणंही कमी झालं आहे. बोलता बोलता मध्येच थांबतो आणि विचारतो, “खरं?” चहा चांगला झालाय म्हटलं तरी, “खरं?” येताना बस लगेच मिळाली म्हटलं तरी, “खरं?” पूर्वी ती सांगे ते तो एकदा ऐके आणि धरून चाले. आता दर वेळी नव्याने बघतो. ती दर वेळी उत्तर देते.

मागच्या महिन्यात तिला खोकला झाला तो हटेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला, रक्त तपासायला सांगितलं. निकाल आला तेव्हा ती सरळ दादाकडे गेली.

“काही नाहीये,” तिने दारातच सांगितलं. “नुसती सर्दी मुरलीये.”

दादाने हात पुढे केला. तिने लिफाफा दिला. खिडकीशी जाऊन, शिवणयंत्राच्या निळ्या झाकणावर पानं पसरून, चष्मा लावून तो वाचायला लागला. नाव बघितलं, तारीख बघितली, प्रत्येक आकड्यासमोरचा दुसरा आकडा बघितला. शेवटच्या पानाच्या तळाशी बोट नेऊन थांबला.

“ठीक आहे,” तो म्हणाला. मग पानं मोजली. “सगळी दिलीस?”

“सगळी.”

तो तिच्या पिशवीकडे बघत होता. धाकटीने पिशवी उचलली आणि टेबलावर, कोड्याशेजारी, उपडी केली.